तिरफळाचा वास मला विचारू नका

परसाच्या दगडी गडग्याकडची तिरफळ यंदा पुन्हा लगडली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसते. पावसाने धुतलेले हिरवेगार घोस, मिरीपेक्षा जरा मोठे दाणे, आणि खोडावर बोथट काट्यांच्या गाठी. घरात येणारा प्रत्येक जण मागच्या दारी थांबतो, छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, "वा, काय वास सुटलाय." साफ खोटं. तिरफळाचा वास कधी सुटत नाही. फणसाचा सुटतो, सुरंगीचा सुटतो, सुक्या मासळीचा तर वाऱ्याबरोबर मालगुंडच्या तिठ्यापर्यंत जातो. तिरफळाकडे आपल्याला जावं लागतं. दाणा खुडून बोटांत चुरडावा लागतो, बोटं नाकाशी न्यावी लागतात. त्याशिवाय ते आपलं काही देत नाही. हे मला माहीत आहे, आणि गेली तीन वर्षं मला कसलाही वास येत नाही. त्यामुळे माझ्यासमोर कुणी असा खोटा श्वास घेतला की माझं टाळकं सरकतं.

माझ्या नाकावर राग पहिल्यापासूनच होता, असं आमच्या घरात म्हणतात. आता तिथे तेवढाच उरला आहे.

गेल्या आठवड्यात मुलगा रत्नागिरीहून हात धुवायची एक बाटली घेऊन आला. बाटलीवर अर्धं कापलेलं लिंबू, दोन हिरवी पानं, आणि खाली लिहिलेलं, 'लिंबू आणि वनौषधींचा सौम्य सुगंध'. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. सौम्य म्हणजे काय? कुणाला त्रास होऊ नये म्हणून अंग चोरून बसलेला? हे लोक लिंबाचं नाव घेतात आणि लिंबाचा आरडाओरडा काढून टाकतात, पाल्याचं नाव घेतात आणि पाल्याचा कडूपणा काढून टाकतात. उरतं ते पाहुण्यांच्या खोलीत ठेवायला बरं. मी ती बाटली न्हाणीघरात नेऊन ठेवली. मुलगा म्हणाला, "आई, तुला तर वास येत नाही, मग तुला काय फरक पडतो?" या प्रश्नावर मी त्याला जेवायला वाढलं.

फरक काय पडतो ते सांगते. दापोलीला शेतकी शिकलेला माझा भाचा सांगतो की तिरफळ हे लिंबाच्याच कुळातलं. असेल. एका कुळातली माणसं तरी कुठे एकसारखी असतात? लिंबू दारातूनच हाका मारत येतं. तिरफळ मागच्या दाराने येतं. आधी पपनसाची साल सोलताना उडणाऱ्या तुषारांसारखा एक झणका, लगेच त्याच्या पाठोपाठ हिरवा, ओवा आणि तुळशीची मंजिरी एकत्र चुरडल्यासारखा दरवळ, आणि सगळ्यात शेवटी, बोटं धुवून झाल्यावर, नखांत उरलेलं काहीतरी लाकडासारखं, जुन्या पेटाऱ्यातलं. सगळा वास असतो तो सालीत. आतली काळी चकचकीत बी कामाची नाही, ती काढून फेकायची. आणि कालवणात टाकताना वेळ सांभाळायची. आधी टाकलंत तर उकळून कडू होतं, नुसतं वरून टाकलंत तर उपरं राहतं. आमसुलं पडली, रसाला कढ आला, की तिरफळं ठेचून टाकायची, दोन कढ, खाली उतरवून झाकण. झाकण लगेच उघडायचं नाही. उघडलं की घरात जे कुणी असेल ते आपोआप पाटाकडे यायचं. बांगडा तोच, खोबरं तेच, मिरची तीच. माणसं उठून यायची ती त्या आठ-दहा दाण्यांमुळे.

हे सगळं माझ्या हातात होतं. मोठेपणा सांगत नाही, होतंच. मासे घेऊन येणारी रुक्मिणबाय टोपली उतरवली की आधी माझ्यापुढे बांगडा धरायची. मी कल्ला उचलून नाक लावायची आणि मग शेजारच्या बायका भाव करायच्या. डोळे मिटून चुरडलेलं तिरफळ हातात द्या, आमच्या झाडाचं की खालच्या वाडीतलं ते मी सांगायची. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, गणपतीपुळ्याच्या गाडीवर. ते लोकांना सांगायचे, "आमच्या घरात गॅसच्या आधी हिचं नाक पेटतं." तेव्हा मला ते थट्टेचं वाटायचं. आता वाटतं, हाच काय तो माझा बायोडेटा होता.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. आमच्याकडे श्रावणात मासे बंद, आणि गणपती जाईपर्यंत बंदच. तिरफळ मात्र नेमकी श्रावणातच तयार होते. म्हणजे वास आलेला आणि ज्याच्यासाठी आला तो बांगडा नाही, अशी महिनाभर थांबायची शिक्षा. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी घरोघरी मासे. मुंबईहून आलेली माणसं संध्याकाळच्या गाड्या धरणार, त्याच्या आधी दुपारचं ते एक जेवण. वर्षभर ताटात काय आलं आणि गेलं ते कुणाला आठवत नाही, पण त्या दुपारचं कालवण कसं झालं होतं ते पुढच्या गणपतीपर्यंत मुंबईत बोललं जातं. त्या जेवणासाठी मी दर श्रावणात ताजी तिरफळं काढून ठेवायची.

त्या दिवशी शेजारचे दत्ताराम भाऊजी आकडीने घोस ओढत होते आणि मी खाली गोळा करत होते. ओटी भरली म्हणून आत ठेवायला निघाले. मागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं होतं. ते खरवडा म्हणून मी ह्यांना पंधरा दिवस सांगत होते. हे म्हणत होते, "अगो, ऊन पडूं दे जरा, मग खरवडतो." ऊन पडलं नाही. मी पडले. डोक्याची मागची बाजू पायरीच्या कडेवर आदळली. डोळे उघडले तेव्हा आभाळ दिसलं आणि चहूबाजूला सांडलेली हिरवी तिरफळं. त्या तिरफळांचा वास तेव्हा येत होता की नव्हता, हे मी हजार वेळा आठवून पाहिलं आहे. सांगता येत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात चार टाके पडले. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. बोटं किती दिसतात विचारलं, नाव विचारलं, वार विचारला, पाय हलवायला लावले. म्हणाले, "नशीबवान आहात काकी, काही झालेलं नाही." डोळे तपासले, कान तपासले, जीभसुद्धा बाहेर काढून बघितली. नाकाचं कुणी विचारलं नाही. नाक म्हणजे चेहऱ्यावरचं शोभेचं फाटक, आत कुणी राहत असेल असं त्यांना वाटतच नाही. पेढे घेऊन घरी आलो.

चौथ्या दिवशी मी वाचलेल्या तिरफळांतलं एक चुरडून नाकाशी नेलं. काहीच नाही. मी म्हटलं, यंदा पाऊस फार, झाडाने रस धरला नाही. दुसरं चुरडलं. मग झाडाला शिव्या घातल्या. दत्ताराम भाऊजींनी कोवळे घोस ओढले म्हणून त्यांनाही दोन शब्द ऐकवले. ते बिचारे खाली मान घालून म्हणाले, "नाय वो वैनी, पिकलेलीच काढलंय." मग मी आत गेले, देवाची उदबत्ती लावली आणि धुरात तोंड घातलं. डोळे चुरचुरले, वास नाही. मग हिंगाची डबी उघडली. हिंगाचा वास न येणारं माणूस मी तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं. डबी बंद केली, जागेवर ठेवली आणि चुलीपुढच्या पाटावर बसून राहिले. प्रज्ञा, माझी सून, भांडी लावत होती. ती कोल्हापूरकडची, लग्न होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तिने विचारलं, "काय झालं ओ आई?" मी म्हटलं, "कुठे काय."

कुणाला सांगितलं नाही. का नाही, हे लोक आजही विचारतात. सांगून काय झालं असतं? माझ्या हातून पळी गेली असती. मी त्या घरात बत्तीस वर्षं कशावर उभी होते ते मला माहीत होतं. शिक्षण नाही, माहेरची श्रीमंती नाही, रूपाचं तर बोलूच नका. मोठ्या नणंदेने पहिल्या वर्षी मला पायरीचा दगड म्हणून वागवलं, आणि पहिल्या गणपतीनंतरच्या जेवणाला माझं कालवण खाऊन ती ताटावरून उठली आणि म्हणाली, "हिच्या हातात आहे हो काहीतरी." त्या एका वाक्यावर माझा संसार चालला.

मग मी फसवायला शिकले. आमच्याकडे मासे बंद असले तरी श्रावण न पाळणाऱ्या शेजारणींसाठी रुक्मिणबायने बांगडा पुढे धरला की कल्ल्याचा लाल रंग बघायचा, डोळ्याचा फुगीरपणा बघायचा, बोटाने दाबून बघायचं, आणि नाक नेहमीसारखं जवळ न्यायचं. तिला पहिल्याच खेपेला संशय आला. "काय वो काकी, आज लय वेळ लावलाव?" मी म्हटलं, "मासे तुझे संशयाचे." फोडणी डोळ्यांनी करायची, कांदा रंगावर, डाळ आवाजावर. चालत होतं. माणसाला दुसऱ्याचं जेवण जेवताना किती कमी कळतं हे मला त्या दिवसांत कळलं, आणि त्याचाही राग आला. बत्तीस वर्षं मी नाक घालून रांधलं आणि तीन आठवडे नाकाशिवाय रांधलं, तर एकालाही फरक जाणवला नाही. म्हणजे मी उगीचच जीव काढत होते की काय?

मग विसर्जनानंतरचा दिवस आला.

घरात चौदा माणसं. नणंद, तिची मुलं, नातवंडं, ह्यांचे चुलतभाऊ. मी पहाटे उठून खोबरं खवलं, मसाला वाटला. रसाला कढ आला. तिरफळं ठेचली. मी नेहमी माणसं मोजून टाकायची, मग झाकणाखालची वाफ घेऊन कमी-जास्त ठरवायची. वाफ घेतली. नुसती गरम. मला धीर धरवला नाही. तिरफळाने जीभ झिणझिणते, ती झिणझिण मला अजून कळत होती. तेवढीच एक दोरी उरली होती. थेंब चाखला, थोडं झिणझिणलं. अजून चार ठेचली. पुन्हा चाखला. वाटलं, जीभ जागी झाली तर तिच्यामागून वास येईल. अजून टाकली. बी काढायचंही भान राहिलं नाही. शेवटी मूठभर पडली असतील. आमच्याकडे तिरफळाची चूक कुणी करत नाही. मीठ जास्त पडतं, तिखट चुकतं, पण तिरफळ सासुरवाशिणीलासुद्धा पहिल्या आठवड्यात मोजायला शिकवतात.

माणसं पाटावर बसली. नणंदेच्या लहान नातीने घास बाहेर काढला आणि रडायला लागली, जीभ मेली म्हणून. एक चुलतदीर पाणी पीत राहिले. आमच्या ह्यांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "आज हिनं दात काढायच्या आधीचं औषध केलंन." सगळे हसले. इतके हसले की मलाही हसावं लागलं. नणंदेने ताट बाजूला सारलं. ती हसली नाही. म्हणाली, "वयाचं आहे गो. हिचा हात गेला." प्रेमाने म्हणाली, तेच जास्त लागलं. संध्याकाळी सगळे गाडीत बसले आणि मी उरलेलं कालवण माडाच्या मुळाशी ओतलं. मांजरसुद्धा तिकडे फिरकलं नाही.

त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं. लोक म्हणतात, सोडून दे. मी का सोडू? चौदा माणसांतल्या एकानेही विचारलं नाही की बाई, जिची बत्तीस वर्षांत चूक झाली नाही तिची आज का झाली? डोक्याला चार टाके पडून महिना झाला नव्हता. केसांखाली टाक्यांची खूण अजून दिसत होती. कुणी दोन आणि दोन जोडले नाहीत. आपल्याकडे बाईचा हात जातो, वय होतं, लक्ष नसतं. बाईला काही झालेलं असू शकतं, हा विचार सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही परक्या घरातून आलेल्या मुलीला येतो.

आठवड्याने मी सकाळी गॅसच्या ओट्याशी उभी होते. दूध तापवायचं होतं. बटण फिरवून मी पातेलं शोधायला वळले, पातेलं मिळालं, ते विसळलं, मग आठवलं की दूध फ्रिजमध्ये आहे. ते काढलं. हातात लायटर घेतला. प्रज्ञा अंगणातून आत आली आणि दारातच थबकली. हळू आवाजात म्हणाली, "आई, लायटर खाली ठेवा." मी म्हटलं, "का गो?" ती म्हणाली, "आधी खाली ठेवा. हात हलवू नका." मग तिने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, माझ्या हाताला धरून बाहेर आणलं आणि अंगणातल्या ओट्यावर बसवलं.  मला अजून कळत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, कधीपासून येत नाही वास?"

तेव्हा कळलं सगळ्यांना. आणि मग सांत्वनाचा पूर आला. दुष्काळ परवडला. "डोळे गेले असते तर?" जणू देवाने यादी पुढे ठेवली होती आणि मी त्यातलं स्वस्तातलं निवडलं. "बरंच झालं, गटाराचा वास येणार नाही." "एवढंसं तर आहे." रत्नागिरीतल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आपटल्यामुळे आतले धागे तुटलेत, वर्षभरात आले तर आले. वर्ष झालं, आले नाहीत. आमच्या ह्यांनी पायऱ्यांवरचं शेवाळ त्याच आठवड्यात खरवडलं, सिमेंट मारलं, कठडा बांधला. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. ते रोज संध्याकाळी त्या कठड्याला टेकून बसतात. मी चहा देते, बोलत नाही फारसं. त्यांनाही ते कळतं.

लोकांना सौम्य वाटणाऱ्या दुखण्याचं हेच असतं. आंधळ्याला रस्ता ओलांडून देतात, बहिऱ्याशी मोठ्याने बोलतात. वास गेलेल्या माणसाचं गेलेलं दिसत नाही, म्हणून ते गेलेलंच नाही. मुलगा लहानपणी शाळेतून यायचा तेव्हा त्याच्या डोक्याला ऊन आणि धुळीचा वास यायचा. नव्या तांदळाला भात शिजताना वेगळा वास असतो, तो बारा दिवस टिकतो आणि जातो. ह्यांच्या खाकी सदऱ्याला तिकिटांच्या कागदाचा आणि डिझेलचा वास होता. मला ह्यांचा राग आला की पूर्वी मी तो सदरा धुवायला घेताना जरा नाकाशी धरायची आणि अर्धा राग जायचा. आता सगळाच्या सगळा राग राहतो.

प्रज्ञाने त्या वर्षीच कालवण शिकायला घेतलं. मी शिकवायला घेतलं नाही, तिनेच शिकायला घेतलं. ती झाकण उघडते, वाफ घेते आणि मला सांगते, मग मी तिला ओरडते. "कच्चं आहे का?" "थोडं आहे." "थोडं म्हणजे किती? नाकाच्या शेंड्याला लागतं की वर चढतं?" बिचारी पुन्हा वाकते. कोल्हापूरकडची मुलगी, तांबडा-पांढरा रस्सा पिऊन वाढलेली. तिला तिरफळ म्हणजे आधी औषध वाटायचं. पण चिवट आहे. तीन मोसम झाले, तिने मूठ-पशाचं माप विचारलं नाही, वासच विचारला.

काल तिने यंदाची पहिली तिरफळं काढली. माझ्यासमोर पाटावर बसली, एक दाणा चुरडला, बोटं नाकाशी नेली. मी विचारलं, "सांग, कसा आलाय?"

"लिंबासारखा."

"चूक. लिंबासारखा म्हणायचं असेल तर लिंबूच खा."

तिने पुन्हा घेतला. "पुदिना आणि संत्र्याची साल."

"चूक. बाटलीवरचं वाचतेस की काय?"

ती चिडली नाही. तिने तिसरा दाणा चुरडला, डोळे मिटले आणि बोटं पुन्हा नाकाशी नेली. मग म्हणाली, "आई, आमच्या आजोळी सकाळी हरभऱ्याचा पाला खुडायला जायचो. पाल्यावर आंब असते, दवासारखी, खारट-आंबट. हाताला लागली की हात हिरवे आंबट व्हायचे, आणि बांधावर ईडलिंबाचं झाड होतं त्याची पानं त्याच हाताने चुरडायचो. तसा आलाय. अगदी तसाच."

"चूक," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले. पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "मग कसा येतो? तुम्ही सांगा की ओ. तीन वर्षं नुसतं चूक चूक म्हणताय."

मी सांगायला तोंड उघडलं. पपनस, ओवा, मंजिरी, पेटारा, सगळे शब्द ओळीने जिभेवर आले, पाढे म्हटल्यासारखे. मी ते गेली तीन वर्षं मनात म्हणतच आले आहे, विसरू नये म्हणून. पण काल ते म्हणताना मी प्रत्येक शब्दाच्या मागे जाऊन बघितलं आणि तिथे काहीच नव्हतं. वास नव्हता, वासाची आठवणसुद्धा नव्हती. नुसते शब्द होते. ती आठवण कधी गेली मला कळलंही नाही. मी तीन वर्षं एका मुलीला ओरडत होते, आणि ती चुकते की बरोबर आहे हे तपासायला माझ्याजवळ काही उरलेलंच नव्हतं. हरभऱ्याच्या शेतात तर मी आयुष्यात कधी गेलेले नाही.

इतका राग मला आजवर कुणाचा आला नव्हता. डॉक्टरांचा नाही, नणंदेचा नाही, ह्यांचाही नाही. आणि या वेळी तो काढायला समोर कुणी नव्हतं. होती ती पाटावर बसलेली, हिरव्या बोटांची, उत्तराची वाट बघणारी मुलगी.

"तू म्हणतेस तसाच असेल," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मी आजवर 'असेल' म्हटलेलं नव्हतं. प्रज्ञाला ते कळलं. मान खाली घालून ती तिरफळातल्या काळ्या बिया एकेक करून काढायला लागली.